हलका धान, भारी धान

मृग लागायच्या आधी आमच्याकडे चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत एकच चौकशी चालते : यंदा हलका किती, भारी किती? गोंदिया जिल्ह्यात शेती म्हणजे धान, आणि धान म्हणजे हलका, मध्यम नाहीतर भारी. हलका साधारण ११५ दिवसांत कापणीला येतो. भारी १४०-१५० दिवस घेतो. हलक्यावर दिवाळी निघते, दुकानाची उधारी फिटते, मंडईच्या जत्रेला आलेल्या लेकी-जावयांचा पाहुणचार होतो. भारी तोवर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभाच असतो, अंगावर थंडी घेत. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग सगळेच हलका का लावत नाहीत? लवकर येतं ते बरं. पण कुठला धान कुठे लावायचा, हे आमचा शेतकरी बियाण्याची पिशवी पाहून ठरवत नाही, बांधी पाहून ठरवतो. वरच्या, पाणी न थांबणाऱ्या बांधीत हलका. तलावाखालच्या खोलगट बांधीत भारी. उलट केलं की दोन्ही जातात. वरच्या बांधीतला भारी, पाऊस लवकर उलटला की लोंबी भरायच्या ऐन दिवसांत वाळतो. खालच्या बांधीतला हलका पिकून पाण्यात लोळतो. अशा वेळी धानाचा स्वभाव वाईट होता असं कुणी म्हणत नाही. लावणाऱ्याला नावं ठेवतात.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण बांधी पाहत नाही. हा मोठा खटपट्या, तो बसल्या जागी सुखी, असं म्हणून मोकळे होतो. पुढचा हिशेबही ठरलेला असतो. खटपट्याच्या वाट्याला दुमजली घर, बीपी आणि शुगर. निवांताच्या वाट्याला कवेलूचं घर आणि शांत झोप. यश आणि तब्येत या जणू तराजूच्या दोन पारड्यांत टाकायच्या वस्तू, एक वर गेलं की दुसरं खाली जायचंच. लग्न जुळवताना, नोकरी सोडताना, एवढंच काय मयतीला गेल्यावरही हाच तराजू बाहेर निघतो.

माझ्या धाकट्या मामांच्या मयतीत तो निघाला होता. मामांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. दोघे भाऊ, एका आईचे वाटू नयेत असे. थोरले मामा पहाटे चारला उठणार, उभ्याने चहा पिणार, जेवताना एक पाय चपलेत. आधी धानाची खरेदी-विक्री, मग लहानशी राईस मिल, मग तिच्यात उसन्या म्हणजे उकड्या तांदळाची भट्टी, मग आणखी काहीतरी. त्यांच्याशी बोलताना आपलं वाक्य ते पुरं करत, बहुतेक वेळा चुकीचं. धाकटे मामा बांधावर. गळ टाकून बसले की मासा लागला काय न लागला काय. मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहून सकाळी पारावर त्याचे संवाद म्हणून दाखवत. आम्हा भाच्यांचे लाडके अर्थातच धाकटे. थोरल्या मामांबद्दल आजी म्हणायची, हा एक दिवस धावता धावता पडेल.

पडले ते धाकटे. चौपन्नाव्या वर्षी, धान चुरण्याच्या दिवसांत, खळ्यावर. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ओसरीवर बसलेला प्रत्येक जण एकच बोलत होता. ‘टेन्शन घेणारा मानूस नव्हता जी, मंग कसा गेला?’ त्या ओसरीच्या कोनाड्यात मामांचा बिडीचा कट्टा होता, अर्धा संपलेला. एका कट्ट्यात पंचवीस बिड्या असतात आणि मामांना दिवसाला एक पुरत नसे. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण कुणाच्या बोलण्यात आली नाही. हृदय म्हणजे स्वभाव, हे समीकरण आमच्या खेड्यातही इतकं पक्कं बसलेलं.

ते तिथवर आलं कसं, याचा शोध घेतला तर माग सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दवाखान्यापर्यंत जातो. मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे तिथले दोन हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या प्रतीक्षागृहातल्या खुर्च्यांची गादी बदलायला आलेला कारागीर म्हणाला, की तुमच्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजतात, असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. रुग्ण टेकून बसतच नव्हते. कधी एकदा नंबर लागतो आणि कधी सुटतो, अशा बेतात खुर्चीच्या टोकाशी टेकलेले. फ्रीडमन यांना तेव्हा त्या कारागिराचं ऐकून घ्यायलाही सवड नव्हती, हे पुढे त्यांनीच सांगितलं. १९५९ साली दोघांनी आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. सतत घाई, सतत स्पर्धा, पटकन चिडणं, एका वेळी दोन कामं, हा ‘ए’ प्रकार. हे नसलेला तो ‘बी’. मग कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांत नोकरी करणारे ३९ ते ५९ वयाचे ३१५४ पुरुष निवडून त्यांच्यावर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या २५७ जणांना हृदयविकार जडला आणि ए प्रकारच्यांत त्याचं प्रमाण बी प्रकारच्यांच्या दुप्पट निघालं. १९७४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि ‘टाइप ए’ हा शब्द साऱ्या जगाच्या तोंडी बसला. तो शब्द आमच्या पारावर पोचला नसेल, त्यातलं शहाणपण मात्र पोचलं.

पुढे काय झालं, ते मात्र पोचलं नाही. त्याच पुरुषांचा २२ वर्षांनंतरचा हिशेब १९८८ साली निघाला, तेव्हा पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी ए प्रकारचे बी प्रकारच्यांपेक्षा जास्त टिकलेले दिसले. आधीच्या निष्कर्षाच्या अगदी उलट. संशोधक चक्रावले. कुणी म्हणालं, खटपट्या माणूस औषधंही खटपट करून घेतो. मला हे पटतं. थोरले मामा डॉक्टरने सांगितलेली गोळी घड्याळ लावून घेतात आणि डॉक्टरलाच उलट विचारतात, ही अजून किती दिवस.

मग २०१२ साली मार्क पेटिक्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या खटल्यांमुळे उघड झालेली तंबाखू कंपन्यांची जुनी कागदपत्रं चाळली. फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी ‘टाइप ए’च्या संशोधनाला वर्षानुवर्षं पैसा पुरवत होती. फ्रीडमन यांच्या संस्थेलाही. कारण सरळ होतं. हृदयविकार स्वभावाने होतो असं ठरलं, तर सिगारेट सुटते. तापट माणूस सिगारेटही ओढतो आणि त्याला झटकाही येतो, दोष तापटपणाचा. सिगारेट बिचारी सोबतीला होती इतकंच. पहिला अभ्यास खोटा होता असं मी म्हणत नाही. तो दोन डॉक्टरांनी प्रामाणिकपणे केला होता. पण एखादं मत इतकं आवडीचं का होतं, हे पाहायचं तर त्याच्या प्रसाराला पैसा कुणी लावला हेही पाहावं.

हे मी गोंदियात बसून वाचलं, तेव्हा हसावं की काय करावं कळेना. हे गाव तांदळावर जितकं उभं आहे, तितकंच तंबाखूवर. भोवतालच्या रानात तेंदू आहे, म्हणून इथे बिडी आली. बिडीच्या व्यापारातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि माझ्यासारख्या कितीतरी मुली शिकल्या त्या अशा संस्थांमुळे. आमच्या पदव्यांत थोडा तंबाखूचा वास आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. धडपडी माणसं म्हणून आम्ही गावात ज्यांची नावं घेतो, त्यांत बिडी वळणारी एकही बाई नसते.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी बिड्या वळत. नात्याच्या नव्हत्या, सगळ्या मोहल्ल्याच्या मावशी. आदल्या रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं सकाळी उघडायच्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने चौकोनी तुकडे कापायच्या. पानाची जाड शीर बरोबर बाजूला काढायची, नाहीतर वळताना पान फाटतं. मग मांडीवर सूप. सुपात एकीकडे पानं, एकीकडे तंबाखू. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू. चिमूट इतकी सरावाची, की तोलून पाहिली तरी फरक निघू नये. अंगठ्याने एक वळसा, बोटाने दुसरा, तोंड नखाने आत दुमडायचं, बुडाशी दोऱ्याचे दोन फेरे, झटका, बिडी सुपात. सगळं बोलता बोलता. बोलणं शेजारणीशी, नजर गॅसवरच्या वरणावर, कान नळाकडे. दिवसाला हजार, म्हणजे चाळीस कट्टे, हा हिशेब. मजुरी हजारावर मिळते. संध्याकाळी माल घेऊन गेलं की तपासणारा कट्टा उचलून चार बिड्या दाबून बघणार, सैल निघाल्या, आखूड निघाल्या की छाट म्हणून बाजूला. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्या परतही मिळत नाहीत.

आता फ्रीडमन यांची यादी घ्या. एका वेळी दोन कामं : आहेत. वेळेची सतत टोचणी : आहे. आकड्यांचा ध्यास : हजार म्हणजे हजार. खुर्चीच्या टोकाशी बसणं : खुर्ची नाही, पण पाठ भिंतीला टेकलेली मी कधी पाहिली नाही. ए प्रकारची इतकी पक्की लक्षणं असलेल्या मावशींना महत्त्वाकांक्षी म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या धडपडीतून वर काही चढत नव्हतं. घाई त्यांच्या स्वभावातली नव्हतीच. ती हजारीच्या दरात होती. मुलीच्या लग्नानंतर महिनाभर काम थांबलं, तेव्हा याच मावशी दुपारभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारताना मी पाहिल्या आहेत. कसली घाई नाही की गडबड नाही. महिन्याने सूप परत मांडीवर आलं आणि पाठ परत भिंतीपासून सुटली. कॅलिफोर्नियातल्या त्या ३१५४ पुरुषांत अशा कुणाला जागा नव्हती. जागा असती तरी मावशींना कोणत्या रकान्यात टाकलं असतं?

बायकांकडे पाहिलं ते अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅममधल्या संशोधकांनी, १९८० साली. नोकरी करणाऱ्या बायकांना हृदयविकार जास्त होईल असा अंदाज होता. सरसकट तसं निघालं नाही. धोका वाढलेला दिसला तो कारकुनी कामं करणाऱ्या बायकांत, त्यातही मुलंबाळं असलेल्या, ज्यांचा वरिष्ठ पाठीशी उभा राहत नव्हता आणि ज्या राग गिळत होत्या अशांत. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास केला, व्हाइटहॉलचा. धावपळीचे साहेब झटक्याने जातात आणि शिपाई निवांत जगतो, अशी समजूत तिथेही होती. निघालं उलटं. सर्वांत खालच्या दर्जाच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबातून वजा केलं तरी मोठी तफावत उरलीच. साहेबाला काम जास्त होतं, पण कुठलं आधी आणि कुठलं मग, हे तो ठरवत होता. शिपायाला घंटी वाजली की उठायचं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग स्वभाव काहीच नाही का? आहे. थोरले आणि धाकटे मामा एकाच बांधीत वाढले, हे मी विसरलेले नाही. पण स्वभाव म्हणून ज्याची मोट बांधतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सोडवून पाहायला हव्यात. जेनेट स्पेन्स, रॉबर्ट हेल्मराइख आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने टेक्सासमधल्या कॉलेजच्या मुलांवर हे करून पाहिलं. त्यांचा निबंध १९८७चा. ‘ए’ प्रकाराचे त्यांनी दोन तुकडे केले. एका बाजूला कामात झोकून देणं, नेटाने मागे लागणं. दुसऱ्या बाजूला उतावीळपणा आणि चिडचिड. पहिल्याचा संबंध परीक्षेतल्या गुणांशी निघाला. दुसऱ्याचा संबंध डोकेदुखी, झोप न लागणं असल्या तक्रारींशी. म्हणजे यश धडपडीने मिळतं आणि तब्येत चिडचिडीने जाते. दोन्ही एकाच माणसात बऱ्याचदा एकत्र राहतात, म्हणून आपण समजतो की एक हवी तर दुसरी घ्यावीच लागेल. पुष्कळ कर्तबगार माणसं तर आपली चिडचिड पदकासारखी मिरवतात. ऑफिसात आरडाओरडा करणारा साहेब कामाचा, आणि हसून बोलणारा ढिला, ही आमची पारख.

थोरल्या मामांमध्ये धडपड होती, चिडचिड नव्हती. ओरडत खूप. पण भट्टीवरच्या पोराला सकाळी शिव्या घालून दुपारी त्याच्याच डब्यातली चटणी मागत. त्यांच्या मनात काही साठत नसे, तेवढा वेळच नव्हता. धाकटे मामा कुणाला कधी वाकडं बोलले नाहीत. पण हिस्सेवाटणीत तलावाखालची बांधी थोरल्यांकडे गेली, ते त्यांनी कधी पोटातून बाहेर काढलं नाही. गळ टाकून बसायचे ती जागा त्याच बांधीसमोरची होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पाण्याकडे बघत बसलेला माणूस शांतच असतो, हे आपलं गृहीत. त्यांना बिडीने नेलं की त्या सलाने, मला सांगता येणार नाही. माझं मत विचाराल तर बिडीने. सल तिच्या आगीला फुंकर घालत असेल.

आणि यशाचं म्हणाल, तर त्याची चाल इतकी सरळ नाही. नवेगावबांधच्या तलावाकाठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधून घेतलेला. घाईचं काम नव्हे, पण आळशाचंही नव्हे. चितमपल्ली तिथे पक्षी पाहत तासन्तास बसत. गावातल्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांचं ऐकून घेत, कुठल्या पाखराला इथे काय म्हणतात ते टिपून ठेवत. एखाद्या तपासणी अधिकाऱ्याने तेव्हा पाहिलं असतं तर शेरा मारला असता, की साहेब झाडाखाली बसून असतात. त्या बसण्यातून पुस्तकांची रांग उभी राहिली. ‘पक्षिकोश’ आला २००२ साली, म्हणजे नोकरीतून निवृत्त झाल्यावरही बऱ्याच वर्षांनी. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, २०२५ साली पद्मश्री, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ९२ वर्षांचं आयुष्य जगून ते गेले. त्यांना ए म्हणाल की बी? पक्ष्यांची नावं गोळा करायची म्हणून चाळीस-पन्नास वर्षं मागे लागलेल्या माणसाला निवांत कसं म्हणावं? आणि पक्षी स्वतःहून येईपर्यंत न हलणाऱ्याला उतावीळ तरी कसं म्हणावं?

भवभूतीची आठवण इथे येतेच. आमगावजवळचं पद्मपूर हे त्याचं गाव, असं वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं, आणि आमगावात आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. आठव्या शतकातला हा नाटककार. हयातीत त्याला पाहिजे तशी दाद मिळाली नव्हती. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या सुरुवातीलाच त्याने हिणवणाऱ्यांना ऐकवलं, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. माझ्या जोडीचा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी काही लहान नाही. एवढा कडक महत्त्वाकांक्षी माणूस, आणि यशासाठी मुदत किती, तर अनंत काळ. पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून रात्री अकराला फोन करणाऱ्या आजच्या मॅनेजरला हे कुणीतरी सांगायला हवं. अर्थात त्याची वरची मंडळी त्याला अनंत काळ देणार नाहीत, हेही खरं. त्याची बांधी वरची आहे.

आमच्या नागझिऱ्यात तशी मंडळी सुट्टीला येतात. नागपूरहून, पुण्याहून, आता तर विमानाने थेट बिरसीच्या विमानतळावर उतरून. कारण सांगतात, जरा रिलॅक्स व्हायला आलो. पहाटे अंधारात उठतात. चोरखमाऱ्याच्या फाटकावर आपली जिप्सी पहिली लागली पाहिजे म्हणून गाईडच्या मागे लागतात. आत गेल्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला एकच प्रश्न, दिसला का? दुसऱ्याला दिसला आणि आपल्याला नाही, की चेहरा पडतो. दोन फेऱ्यांत वाघ नाही, म्हणजे पैसे फुकट. याच रानात व्यंकटेश माडगूळकर येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. याच रानात किरण पुरंदरे सलग ४०० दिवस मुक्कामाला होते. आमच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार मिळतो, त्यांना दोष देऊन काय उपयोग? पण विश्रांतीलासुद्धा टार्गेट लावून घेतल्यावर तिचा तब्येतीला काय फायदा होणार, याबद्दल मला शंका आहे.

फ्रीडमन यांनी यावर उपाय शोधला होता, आणि तो त्यांच्या वर्गीकरणापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांना स्वतःलाही हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. आपण ए प्रकारचे आहोत हे ते उघड सांगत. एक झटका येऊन गेलेल्या हजारावर रुग्णांवर त्यांनी प्रयोग केला. काहींना नेहमीचा वैद्यकीय सल्ला, बाकीच्यांना त्याशिवाय घाई आणि राग कमी करायचे धडे. साडेचार वर्षांत पहिल्या गटात सुमारे २१ टक्के लोकांना पुन्हा झटका आला, दुसऱ्यात १३ टक्क्यांना. धडे मजेशीर होते. दुकानात मुद्दाम सर्वांत लांब रांगेत उभं राहायचं. गाडी हळू चालणाऱ्या लेनमध्ये ठेवायची. समोरच्याचं वाक्य त्याला पुरं करू द्यायचं. फ्रेंच लेखक प्रूस्तची ती संपता संपत नाही अशी कादंबरी वाचायची, सगळे खंड.

रांगेचा धडा आमच्या जिल्ह्यात शासनातर्फे सर्वांना मोफत आहे. धान खरेदी सुरू झाली की केंद्राबाहेर ट्रॅक्टर लागतात. आज नंबर नाही, बारदाना संपला, गोदाम भरलं, उद्या या. मोजमाप झालं की पुढे चुकाऱ्याची वाट. फ्रीडमन यांच्या हिशेबाने गोंदियाच्या शेतकऱ्याचं हृदय जगात सर्वांत ठणठणीत असायला हवं. तसं ते नाही. आपण होऊन रांगेत उभं राहणं वेगळं, आणि रांगेशिवाय दुसरी वाट नसणं वेगळं. मागच्या गल्लीतल्या मावशींना मी ही लांब रांगेची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाल्या, ‘पैसे देऊन उभे राहतेत का जी? मंग आमचेही पैसे लावा म्हणावं.’

थोरल्या मामांकडे मागच्या मंडईला गेले होते. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. मिल मुलगा पाहतो, पण हे सकाळी सहाला तिथे हजर, हातात काठी, ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. त्यांनाही मी फ्रीडमनची सगळी कथा सांगितली. खुर्च्या, रांग, प्रूस्त, सगळं. मध्ये तीनदा त्यांनी माझी वाक्यं पुरी केली. शेवटी विचारलं, ‘हा डॉक्टर स्वतः किती वर्षं जगला?’

म्हटलं, नव्वद. २००१ साली गेले.

‘नव्वद,’ मामांनी मान हलवली, काठीचं टोक मागच्या शेडकडे नेलं आणि मुलाला हाक मारली. ‘ऐकलं का रे? चार वर्षं आहेत. ते पत्रे बदलायचं काम या उन्हाळ्यातच घे.’